एसी घरीच दुरुस्त करताय? या चुका टाळा, आणि सुरुवात गॅसपासून करू नका

नाशिकचा एसी वर्षातले आठ-नऊ महिने नुसता भिंतीवर लटकलेला असतो. मार्चमध्ये ऊन चटका द्यायला लागलं की रिमोट शोधायचा, जूनमध्ये पाऊस लागला की विसरून जायचं. त्यामुळे आपल्याकडचे बरेचसे बिघाड वापरून झालेले नसतात, पडून राहून झालेले असतात. ड्रेन पाईपमध्ये शेवाळ वाळून बसतं, आउटडोअरच्या मागे कबुतरं काड्या रचतात, सर्किटवर मुंग्या नाहीतर पाल मरून पडते, रिमोटमधले सेल फुटून पत्र्यांवर हिरवट थर चढतो. आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे निघाला की घरोघरी एकच तक्रार, ‘चालू आहे, पण गार होत नाही.’ त्यावर ठरलेलं उत्तर, ‘गॅस संपला असेल.’

पहिली चूक इथेच होते. गॅस संपत नसतो. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती नसेल तर तो कमी झालेलाच नाही. दरवर्षी ‘टॉप-अप’ करून घेणारी माणसं माझ्या पाहण्यात आहेत. ती दरवर्षी त्याच छिद्रातून पैसे सोडतात.

गॅसचं नाव काढण्याआधी एक साधी परीक्षा करा. डिजिटल थर्मामीटर घ्या (तापाचा नको, स्वयंपाकघरात किंवा खोलीत वापरतात तो). दारं-खिडक्या लावा, रिमोटवर कूल मोड, सर्वांत कमी तापमान आणि पंखा फुल. पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग इनडोअरच्या वरच्या जाळीपाशी, म्हणजे जिथून हवा आत ओढली जाते तिथे, तापमान बघा आणि नंतर खाली जिथून गार हवा येते तिथे बघा. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅसही ठीक आणि कॉम्प्रेसरही ठीक. मग दोष खोलीत शोधा. सिडकोतल्या रो-हाऊसचा वरचा मजला, वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत आणि आत १ टनाचा एसी. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी पाच वाजता याला पुरून उरतो. तिथे मेकॅनिक बोलावून उपयोग नाही. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग आणि खिडकीला जाड पडदा जास्त काम करतो.

ही परीक्षा करण्याआधी मोडही बघून घ्या. घरातल्या लहान मुलाने फॅन किंवा ड्राय दाबून ठेवलेलं असतं आणि मोठी माणसं मेकॅनिकची वाट बघत बसतात. रिमोटच चालत नसेल तर त्याचं पुढचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे.

आणि १६ वर ठेवला की खोली लवकर गार होते, हा गैरसमज. साध्या, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग न बदलणाऱ्या (बिनइन्व्हर्टर) एसीचा कॉम्प्रेसर १६ लाही तेवढ्याच जोराने चालतो जेवढा २४ ला. फक्त थांबत नाही. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम आहे, आणि एक अंश वाढवला की वीज साधारण ६ टक्के वाचते असं बीईई (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो) सांगते.

हवा अडली की सगळं अडतं

इंदिरानगरमध्ये शेजारच्या काकूंकडे एसी गार करत नव्हता. मेकॅनिक फोनवरच गॅसचा भाव सांगून मोकळा झाला होता. मी फिल्टरचं विचारलं, तर काकू रागावल्याच. ‘अहो, फिल्टर मी दर रविवारी धुते!’ खरंच धुतलेला होता, चकचकीत. मेन स्विच बंद करून खालच्या पट्ट्या हाताने उघडल्या आणि टॉर्च मारला. आत ब्लोअरचा लांब दंडगोल असतो, त्याच्या पात्यांवर करड्या धुळीचा नमद्यासारखा थर होता. काडीने खरवडला तर पट्टीच्या पट्टी निघून आली. पातीच बुजल्यावर ती हवा ढकलणार कशी?

फिल्टर धुतला म्हणजे सर्व्हिस झाली, असं समजू नका. फिल्टरच्या मागे कॉइल (ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून गेलेल्या तांब्याच्या नळ्या), कॉइलच्या खाली ब्लोअर आणि भिंतीपलीकडे आउटडोअरची कॉइल, इतक्या जागी धूळ बसते. पाथर्डी फाट्याकडची बांधकामं, सिंहस्थाच्या तयारीने उकरलेले रस्ते, यातून उडणारी धूळ आउटडोअरच्या मागच्या बाजूने आत ओढली जाते. समोरून पंखा स्वच्छ दिसतो म्हणून फसू नका, मागून बघा.

धुताना मात्र हात आवरा. आधी एमसीबी (एसीचा आपोआप पडणारा स्विच) पाडा, नुसता रिमोटने बंद केलेला एसी बंद नसतो. बागेच्या पाईपचं साधं पाणी पुरतं. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट बंद होते. टॉयलेट क्लीनर किंवा कॉस्टिक सोडा ओतणारेही आहेत. कॉइल चमकते खरी, पण धातू खाल्ला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात खरोखरच गॅस गळतो. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरा थर सोडतं, त्यापेक्षा गंगापूर धरणाचं नळाचं पाणी वापरा. सर्किटच्या पेटीवर पिशवी बांधा, आणि सगळं नीट वाळल्याशिवाय एमसीबी उचलू नका.

आउटडोअर तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर असेल तर यातलं काहीही करू नका. पट्टा न बांधता छज्ज्यावर उतरणं ही या लेखातली सर्वांत महाग चूक आहे.

उन्हापासून वाचावा म्हणून आउटडोअरला पत्र्याने चहूबाजूंनी झाकणं, त्याच्या तोंडासमोर कपडे वाळत घालणं, त्याला बंद डक्टमध्ये कोंबणं, हेही नको. त्याने फेकलेली गरम हवा तोच परत ओढतो. सावली द्यायची तर फक्त वरून द्या, पुढून आणि मागून मोकळं राहू द्या.

हवा अडल्याची आणखी एक खूण म्हणजे इनडोअरच्या कॉइलवर बर्फ. बर्फ दिसला की लोक सुरी नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टोचायला बसतात. त्याच्या मागेच तांब्याची नळी असते. एक टोचा चुकला की गॅस गेला, आणि या वेळी अगदी खराखुरा. कूलिंग बंद करा, नुसता फॅन मोड लावून तास-दोन तास सोडून द्या, बर्फ आपोआप वितळतो. खाली बादली ठेवा. साफसफाई होऊनही पुन्हा बर्फ जमला, तर गॅस कमी असण्याची किंवा ब्लोअरची मोटर मंदावल्याची शंका घ्यायची.

पाणी गळतंय

इनडोअरमधून पलंगावर पाणी टपकलं तर शंभरातल्या बहुतेक वेळा ड्रेन पाईप दोषी. पाईप मध्येच वर चढलेला नसावा, उतार सलग हवा. बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाणी मागे फिरतं; टोक पाण्याच्या वर ठेवा. चिखल अडकला असेल तर बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढून काढा (ओलं ओढणाराच हवा). पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, भिंतीच्या आतला सांधा निसटला तर रंगासकट भिंत जाते. जाता जाता एक, हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. स्वच्छ दिसलं तरी त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात. झाडांना घाला.

वीज

इथे मी हात आखडता घ्या असंच सांगेन.

एमसीबी पडते म्हणून मोठ्या अँपिअरची बसवणं हा उपाय नव्हे. दीड टनाला सहसा १६ किंवा २० अँपिअरची एमसीबी आणि ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असते. जुन्या घरात वायर २.५ ची आणि एमसीबी ३२ ची असली की गरम होणारी वायर आधी जळते, एमसीबी नंतर पडते, पडलीच तर. स्विच वर करताक्षणी पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, मेकॅनिक बोलवा. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर आधी आउटडोअरची धूळ बघा, मग वायरमनकडून सॉकेटचे आणि डीपीतले (घरातल्या एमसीबीच्या पेटीतले) ढिले स्क्रू आवळून घ्या. प्लगची पिन काळवंडलेली असेल तर पिन आणि सॉकेट दोन्ही बदला. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीच नको.

मे महिन्यातल्या वळवात लाईट पाच मिनिटांत चार वेळा जाते-येते. तेव्हा एसीची एमसीबी पाडून ठेवा. कॉम्प्रेसर थांबल्यावर नळ्यांमधला दाब समान व्हायला साधारण ३ मिनिटं लागतात. म्हणूनच चालू केल्यावर तो लगेच गार करत नाही. तो बिघाड नाही, बटणं बडवू नका. वादळानंतर एसी पार मुका झाला असेल तर बहुधा सर्किटवरचा फ्यूज उडालाय. फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा टाकून चालू करण्याचा प्रकार मुळीच करू नका. फ्यूज उडतो तो सहसा शेजारचा भाग व्होल्टेजचा धक्का खाऊन गेला म्हणून. वायर टाकली की पुढचा धक्का सगळी पीसीबी (सर्किटची पाटी) घेते.

जुन्या, बिनइन्व्हर्टर एसीत आउटडोअर नुसताच घुमतो आणि पंखा किंवा कॉम्प्रेसर सुरू होत नाही. बहुतेकदा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा डबा) गेलेला असतो, त्याचं डोकं फुगलेलं दिसतं. काही शे रुपयांची वस्तू, पण ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणून हजारांचा आकडा ऐकायला मिळतो, तेव्हा आधी कपॅसिटर तपासायला सांगा. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावरचाच हवा आणि व्होल्टेज ४४० पेक्षा कमी नको. जाळीतून काडी घालून पंखा फिरवून देऊ नका. आणि वीज बंद केली तरी कपॅसिटर भरलेला असतो हे विसरू नका. व्हिडिओत स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढून दाखवतात, ते बघून इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीला हात लावाल तर तिथे ३०० व्होल्टच्या वर डीसी काही मिनिटं टिकून असतो. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर आउटडोअरचं झाकण उघडूच नका. वॉरंटी असेल तर येत असला तरी उघडू नका.

आता गॅस

गॅस घरी भरायचा नाही. ऑनलाईन डबे मिळतात, म्हणून काय झालं? जुन्या एसीत आर-२२ असतो, हल्लीच्या बहुतेकांत आर-३२, काहींत आर-२९०. आर-३२ सौम्य का होईना, पेट घेतो. आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन. आउटडोअरच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. मेकॅनिक यायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

तो आला की पहिला प्रश्न, ‘लीक कुठे आहे?’ नळ्या जिथे नटांनी जोडल्यात तिथे तेलकट डाग दिसतो का, हे तुम्हीही बघू शकता. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. दाब देऊन तपासायचं तर नायट्रोजनने. वेल्डिंगचा ऑक्सिजन नळ्यांत भरणारा कोणी भेटला तर त्याला तिथेच थांबवा, कॉम्प्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजन दाबाखाली भेटला की स्फोट होतो. अशा स्फोटांत माणसं गेली आहेत. गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम पंप लागला पाहिजे, निदान पंधरा-वीस मिनिटं. थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणणं म्हणजे आतला ओलावा आतच ठेवणं. आर-२२ वर हात बसलेली मंडळी चालू मशीनवर गेजचा (दाब मोजणाऱ्या मीटरचा) काटा ७० पीएसआयच्या आसपास आला की थांबतात. आर-३२ ला तोच काटा १२० च्या पुढे असतो, त्यामुळे ७० वर सोडलेला एसी पुन्हा बर्फच करणार.

म्हणून काट्यापेक्षा वजनकाटा बरा. स्टिकरवर जेवढे ग्रॅम छापलेत तेवढाच गॅस, सिलिंडर काट्यावर ठेवून, मोजून भरायला सांगा. पाईप नेहमीपेक्षा लांब असेल तर थोडा जास्त लागतो, तो हिशोब मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. भरलेले ग्रॅम, तारीख आणि गळती कुठे सापडली, हे तिन्ही पावतीवर लिहून घ्या. वर्षभरात पुन्हा ‘गॅस गेलाय’ ऐकू आलं तर तीच पावती पुढे करायची.