कालमेघाची कापणी आणि बियाण्याच्या झाडांची निवड : ठाणे जिल्ह्यासाठी ऑक्टोबरचा सल्ला

शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीवर घेतलेला कालमेघ, म्हणजेच पालेकिराईत, नेमका भातकापणीच्या तोंडावर कापणीला येतो आणि मजुरांअभावी त्याची कापणी मागे ढकलली जाते. ही दिरंगाई महागात पडते. या वनस्पतीचे औषधी मूल्य ज्या अँड्रोग्राफोलाइड नावाच्या कडू द्रव्यावर ठरते, ते खोडापेक्षा पानांत बरेच अधिक असते आणि फुलोरा सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक भरते. पुढे शेंगा धरू लागल्या की खालची पाने गळतात आणि काट्यावर भरणाऱ्या वजनात काडीच जास्त उरते. म्हणून लागवडीनंतर साधारण 90 ते 120 दिवसांनी, फुले दिसू लागताच आणि परतीच्या पावसाची उघडीप पाहून, जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर उंचीवर कापणी करावी. माल सावलीत, पातळ थर देऊन वाळवावा.

बियाण्यासाठी ठेवायची झाडे मात्र कापणीपूर्वीच हेरून त्यांना चिंधी बांधावी. सर्वांत उंच झाड निवडण्याची सवय येथे उपयोगाची नाही. बुंध्यापासून भरपूर फांद्या, जवळजवळ पेरे आणि खालपर्यंत टिकलेली हिरवी पाने ही लक्षणे अधिक महत्त्वाची आहेत. बांधालगतच्या झाडांना ऊन आणि जागा जास्त मिळत असल्याने ती फोफावलेली दिसतात. तो गुण वाणाचा नसल्यामुळे निवड वाफ्याच्या मधल्या भागातूनच करावी. निवडीजोग्या झाडांच्या एकेका फांदीचा पाला आणि काडी वाळवून वेगवेगळी तोलल्यास डोळ्यांचा अंदाज कितपत खरा आहे, तेही कळते.

उत्पादन आणि द्रव्याचे प्रमाण हे दोन गुण एकाच झाडात येतीलच असे नाही. समजा, एका झाडाचा वाळलेला पाला 40 ग्रॅम आणि त्यातील द्रव्य 2 टक्के आहे, तर दुसऱ्याचा पाला 25 ग्रॅम आणि द्रव्य 3 टक्के आहे. पहिल्यातून 0.8 ग्रॅम आणि दुसऱ्यातून 0.75 ग्रॅम द्रव्य मिळेल, म्हणजे फरक नगण्य आहे. खरेदीदार वजनावर भाव देत असेल तर पहिले झाड ठेवावे. टक्केवारीवर देत असेल तर दुसरे परवडते, शिवाय वाळवण्याचा आणि वाहतुकीचा भारही हलका होतो. चव घेऊन टक्केवारी ठरवता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी.

कालमेघात प्रामुख्याने स्वपरागीभवन होत असल्याने निवडलेल्या झाडाचे गुण पुढच्या पिढीत बऱ्याच अंशी उतरतात. शेंगा वाळताच तडकून बी उडते, त्यामुळे त्या पिवळसर तपकिरी होताच सकाळच्या गारव्यात तोडून कापडावर वाळवाव्यात. ताज्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते. ते बी हिवाळ्यात टाकून उगवण झाली नाही म्हणून फेकून देऊ नये, कोरड्या जागी ठेवून मे महिन्यात रोपवाटिकेत पेरावे.