ग्रेट बॅरियर रीफला जाताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो, लोक रीफ, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यापुढची ही कोरलची (प्रवाळांची) रांग, शेवटच्या दिवशी ठेवतात. सिडनी झालं, मेलबर्न झालं, मग रीफसाठी केर्न्स शहरात दोन रात्री, मधला एक दिवस रीफ आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट. आम्ही पण अगदी हेच केलेलं. आदल्या संध्याकाळी बोटवाल्यांचा मेसेज, वारा फार आहे, उद्याची ट्रिप रद्द, पैसे परत मिळतील. पैसे मिळाले हो, पण रीफ काही दिसला नाही, दिवसभर केर्न्सच्या एस्प्लनेडवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, चिखलातले पेलिकन मोजत बसलो. दुसऱ्या वेळी शहाणे झालो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचीच बोट घेतली आणि मागे दोन दिवस मोकळे सोडले.

मागे दिवस सोडायचं अजून एक कारण म्हणजे स्कूबा डाइव्ह, पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, म्हणून डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर किमान 18, आणि बरेच जण सरळ 24 धरून चालतात. हेलिकॉप्टरची सैर पण यातच आली, म्हणजे सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी हेलिकॉप्टर असलं पॅकेज स्वतःच जुळवू नका. केर्न्सजवळच्या अ‍ॅथर्टन टेबललँड्सच्या पठारावर गाडीने चढलात तरी उंची वाढतेच, हे तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. नुसतं स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून वरच तरंगत खाली बघणं, करणार असाल तर ही काळजी नाही.

दुसरा घोळ म्हणजे 'रीफला जायचंय' एवढंच ठरवून हॉटेल बुक करणं. अहो, तो 2300 किलोमीटर लांब पसरलाय, वेगवेगळे रीफ मोजले तर 2900 च्या आसपास भरतात, कुठला बघायचाय ते आधी ठरवा ना. आणि तो किनाऱ्याला लागून नाहीये. केर्न्स शहरापुढे चिखल आहे, मगरींपासून सावध राहा अशा पाट्या आहेत, पोहायला बांधलेला लगून, म्हणजे तलाव आहे तिथे जायचं. खरा बाहेरचा रीफ बोटीने दीड-दोन तासांवर. तेवढा प्रवास नको असेल, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर ग्रीन आयलंड बरं, पाऊण तासात पोचता, पण बाहेरच्या रीफची अपेक्षा तिथे ठेवू नका.

दक्षिणेकडचं एअरली बीच हे गाव म्हणजे व्हिटसंडे बेटं आणि तिथल्या व्हाइटहेवन किनाऱ्याची पांढरीशुभ्र वाळू, ते सुंदरच आहे, पण केर्न्सपासून रस्त्याने 600 किलोमीटरपेक्षा जास्त लांब, 'जाता जाता करू' वालं प्रकरण नाही. तो फोटोतला बदामाच्या आकाराचा हार्ट रीफ बघायचा असेल तर हेलिकॉप्टर किंवा छोटं विमानच, तिथे पोहू देत नाहीत. आणि वाळूवरून थेट पाण्यात उतरून कोरल बघायचं स्वप्न असेल तर अजून दक्षिणेकडची हेरॉन किंवा लेडी एलियट बेटं बघा. लेडी एलियटला छोट्या विमानाने जावं लागतं आणि सामानाच्या वजनावर मर्यादा असते, भली मोठी बॅग घेऊन जाऊ नका.

सीझनचं म्हणाल तर जून ते ऑक्टोबर चांगला, हे सगळेच सांगतात. फक्त त्याचा अर्थ समुद्र शांत असा होत नाही, तिथल्या हिवाळ्यात आग्नेयेचे व्यापारी वारे चांगलेच झोडपतात, आमची बोट जुलैतच रद्द झालेली. साधारण नोव्हेंबर ते मे जेलीफिश असतात, त्यातल्या बॉक्स आणि इरुकांजी या दोन्ही जाती जीवघेण्या असू शकतात. बोटीवर अंगभर लायक्राचा (ताणणाऱ्या कापडाचा) सूट देतात, त्यात आपण सगळेच विनोदी दिसतो, तरी घाला. डंख झालाच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, व्हिनेगर ओता आणि 000 या तिथल्या इमर्जन्सी नंबरला फोन करा.

आता बोट लागण्याबद्दल. गोळी उलटी यायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, बोट सुटायच्या आधीच घ्या, किती आधी ते पाकिटावर असतं. बसायला मागची, खालच्या मजल्यावरची जागा धरा, फोनमध्ये डोकं घालू नका, लांब क्षितिजाकडे बघत राहा.

मास्कमध्ये पाणी शिरतंय? लोक पट्टा अजून आवळतात, त्याने उलट जास्त शिरतं. आधी डेकवरच पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास आत ओढा, चिकटून राहिला तर साइज बरोबर. कडेखाली केस आलेत का बघा. माझ्या मेव्हण्याची झुपकेदार मिशी, दर दोन मिनिटांनी त्याच्या नाकात समुद्र, शेवटी मिशीवर व्हॅसलीन थापलं तेव्हा कुठे बरं वाटलं. काचेवर धुकं येत असेल तर आतून थुंकी चोळून पाण्यात बुचकळा, किळस वाटली तरी काम होतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते बुकिंग करतानाच विचारा.

मेडिकल फॉर्मवर खोटं लिहू नका. दमा, हार्ट, चालू गोळ्या, जे असेल ते लिहा, आणि दमा असेल तर बुकिंगआधीच विचारा, नाहीतर बोटीवर पोचल्यावर 'तुम्हाला डाइव्ह नाही' ऐकावं लागतं. पोहता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, फोमची लांब नळी किंवा जॅकेट देतात, काचेच्या तळाची बोटही असते.

आणि रंग. फोटोत जे झगझगीत लाल दिसतं ते बहुतेक वेळा लाइट मारून काढलेलं असतं, पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो. निरोगी कोरल बरंचसं तपकिरी-हिरवट असतं, कारण त्याच्या आत शेवाळं राहतं आणि तेच त्याला खाऊ घालतं. पांढरंफेक दिसलं तर ते नटलेलं नाही, उष्णतेने शेवाळं बाहेर टाकलेलं असतं, 2016 पासून हे बऱ्याचदा झालंय. कुठल्याही कोरलवर उभं राहू नका, फिन्सचा (पायातल्या पोहायच्या पंखांचा) फटका लागला तरी फांदी तुटते.

पहिल्यांदा उतरताना कॅमेरा बोटीवरच ठेवा. मी पहिली वीस मिनिटं पाण्याखाली मेनू शोधत होतो आणि तेवढ्यात शेजारून कासव गेलं. बायकोने बघितलं, मी नाही, अजून ऐकवते.