डॅशबोर्डची खडखड: स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी

फोंड्याहून पणजीला रोज ये-जा करणाऱ्याला आपल्या गाडीचे आवाज पाठ असतात. फर्मागुडीचा उतार, भोमची अरुंद वळणं, बाणस्तारीच्या पुलाचे सांधे, कुठे काय वाजणार हे आधीच माहीत. माझ्या बारा वर्षांच्या हॅचबॅकमध्ये पुलाच्या प्रत्येक सांध्यावर डावीकडून एक बारीक ‘टिक्’ यायचा. इंजिन ठणठणीत, ब्रेक ठणठणीत, तरी जुने गोवे येईपर्यंत डोकं भणभणलेलं. एका रविवारी वैतागून मी स्क्रूड्रायव्हर घेतला, मधला पॅनल उचकटला आणि तीन क्लिपा मोडल्या. सोमवारी ‘टिक्’ तसाच होता, वर मोडक्या क्लिपांची खडखड नवी.

तेव्हापासून एक नियम पाळतो. जो आवाज बोटाने दाबून थांबवता येत नाही, त्याच्यासाठी पॅनल उघडायचा नाही. दुरुस्ती बहुतेक वेळा दोन बोटं टेपची असते. वेळ जातो तो शोधण्यात, आणि म्हणून या लेखातही शोधण्याचाच भाग मोठा आहे.

आधी गाडी रिकामी करा

खरोखर रिकामी. ग्लोव्ह बॉक्समधले कागद, टॉर्च, जुनी पेनं, कप होल्डरमधली चिल्लर, दारांतल्या बाटल्या, चष्म्याच्या खणातला चष्मा, मोबाइलचा स्टँड, डॅशकॅमची लोंबणारी वायर, सगळं बाहेर. डॅशबोर्डवर गणपती असो की सायबीण (मेरी माता), त्यांनाही एक दिवस घरात बसवा. मूर्तीच्या तळाचा चिकट टेप उन्हाने सुकला की ती हलत नाही, पण थरथरते, आणि तो आवाज थेट काचेखालून आल्यासारखा वाटतो. डिकीतला जॅक आणि स्टेपनीचा नट हाताने तपासा. शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्टही बघा. त्याची धातूची जीभ दाराजवळच्या खांबाच्या (पिलरच्या) प्लास्टिकवर आपटते आणि आपण डॅशबोर्डला दोष देतो.

मग नेहमीच्याच रस्त्यावर एक चक्कर मारा. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

आवाजाला नाव द्या

आपल्या भाषेत आवाजांना शब्दांची वाण नाही, त्याचा इथे फायदा होतो. खडखड म्हणजे काहीतरी सुटं आहे आणि आपटतंय: निसटलेली क्लिप, ढिला स्क्रू, पॅनलमागे लोंबणारा वायरचा कनेक्टर. कुरकुर किंवा करकर म्हणजे दोन वस्तू एकमेकींना चिकटून घासतायत, चिकटतायत आणि सुटतायत; प्लास्टिकवर प्लास्टिक, नाहीतर काचेच्या कडेला रबर. झिणझिण म्हणजे पातळ पत्रा किंवा पॅनल इंजिनाच्या कंपनाला साथ देतोय. आणि गडगड म्हणजे काहीतरी घरंगळतंय. खडखड असेल तर धरून ठेवायचं, कुरकुर असेल तर मध्ये मऊ थर घालायचा. नाव चुकलं की औषध चुकतं.

वेळही लिहून ठेवा. फक्त सकाळीच येतो? दुपारनंतर बंद होतो? डॅशबोर्डच्या मागे एक पोलादी आडवी नळी असते आणि सगळं प्लास्टिक तिला टांगलेलं असतं. चौदाशे मिलिमीटर लांबीचं प्लास्टिक २० अंशांवरून ६० वर तापलं तर ते सुमारे ४ मिलिमीटर वाढू पाहतं, पोलाद मात्र जेमतेम पाऊण. ही ओढाताण सांध्यांतच होते. जानेवारीतल्या सकाळी बडबडणारी गाडी पणजीत उन्हात तासभर उभी राहिली की गप्प होते ती यामुळे. असा आवाज पकडायचा तर पहाटेच पकडा, दुपारी गॅरेजमध्ये नेलात तर मिस्त्री म्हणणार, ‘काही नाही हो, तुम्हाला भास होतो.’

दोन माणसं, एक रस्ता

गाडी चालवणाऱ्याने डॅशबोर्ड चाचपायचा नाही. हे काम शेजारी बसलेल्याचं. माझ्याबरोबर भाचा येतो, कान तिखट आणि वर्गात नसलेली चिकाटी. एसी, ब्लोअर, रेडिओ बंद, काचा बंद. वीस-तीसच्या वेगाने शंभर-दोनशे मीटरचा तोच खडबडीत तुकडा पुन्हा पुन्हा. पेव्हर ब्लॉक घातलेला रस्ता मिळाला तर उत्तम, त्यावर थरथर एकसारखी मिळते. कुरकुर शोधायची असेल तर खड्डे नकोत, पीळ हवा. फाटकासमोरच्या उंचवट्यावर गाडी तिरकी, अगदी हळू चढवा. एक चाक वर, तीन खाली, की बॉडी पिळली जाते आणि ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब), काच, डॅशबोर्ड यांचे सांधे बोलायला लागतात. फेरीबोटीतून चोडण बेटावर जाणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. आपलं इंजिन बंद असतं आणि खालचा सगळा पत्रा थरथरत असतो. आवाज बोटीच्या घरघरीत बुडतो खरा, पण पॅनलवर बोटांची टोकं हलकी टेकवलीत तर कुठला भाग जास्त कापतोय ते लागतं.

आता दाबणं. तळवा एका वेळी एकाच ठिकाणी. काचेखालची कड, डावा एसी व्हेंट, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, मधला स्क्रीन, ए-पिलरचं कव्हर, वरचा आरसा, सन व्हायझर. दाबल्यावर आवाज थांबला किंवा बदलला तर तिथे कागदी मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि पुढे चला. शंका असेल तर दोन पॅनलच्या फटीवरच तो टेप आडवा चिकटवून दोन दिवस गाडी चालवा. कुरूप दिसतं, पण पक्कं कळतं.

कानावर फार विश्वास ठेवू नका. पुढची काच आवाज परतवते, म्हणून उजव्या पिलरचा आवाज मधून आल्यासारखा भासतो. अर्धा मीटर रबरी नळी, एक टोक कानाशी आणि दुसरं फटीशी, हा जुन्या मिस्त्रींचा स्टेथोस्कोप अजूनही चोख चालतो.

झिणझिण असेल तर रस्त्याची गरजच नाही. आठशे आरपीएमवर (मिनिटाला आठशे फेरे) उभ्या असलेल्या तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला वीस स्फोट होतात, चार सिलिंडरच्या इंजिनात सत्तावीसच्या आसपास. त्याच तालात पत्रा डोलतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, अंगणात उघड्यावर. ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवत न्या आणि कुठल्या आकड्यावर आवाज येतो ते बघून तिथेच धरा. दुसऱ्याने तोवर दाबत फिरायचं. दुसरा उपाय मोबाइलचा. टोन काढणारं फुकट ॲप घ्या, गाडीच्या स्पीकरला जोडा आणि पन्नास हर्ट्झपासून दोनशेपर्यंत सावकाश चढत जा. एखाद्या आकड्याला ढिलं पॅनल अचानक गाऊ लागतं. आवाज मध्यमच ठेवा, नाहीतर स्पीकर फाटेल.

बॉनेट उघडून बघा

डॅशबोर्डचा वाटणारा आवाज पुष्कळदा डॅशबोर्डचा नसतो. बॉनेटच्या कोपऱ्यांवर टेकू देणारी रबरी बटणं असतात, ती फिरवून वर-खाली होतात. झिजली की बॉनेट आपटतं. बॅटरीचा क्लँप, नंबर प्लेटचे स्क्रू, वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी, हे सगळं हाताने हलवून बघा. खड्ड्यावर खालून ‘खट्’ असा जड आवाज येत असेल आणि तो पायाला जाणवत असेल तर ते सस्पेन्शन आहे. तिथे टेप चालत नाही, गाडी गॅरेजला न्या.

माझ्याकडे गेल्या वर्षी गडगड आली. खड्ड्यावर नाही, फक्त वळणावर. डावीकडे वळलं की आवाज उजवीकडे घरंगळत जायचा, उजवीकडे वळलं की परत. ग्लोव्ह बॉक्स रिकामा, दारं रिकामी. शेवटी वायपरखालची जाळी काढली, तर पाण्याच्या पन्हाळीत आंब्याची कुजलेली पानं, थोडा कापूस आणि एक अख्खी सुपारी. गाडी कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला उभी असते आणि सुपारी अंगणात वाळत असते. उंदराने आपला साठा करायला हीच जागा निवडली होती. अशा वेळी केबिन फिल्टरही काढून बघा आणि वायरी कुरतडल्यात का ते तपासा. आणि ती पन्हाळ पावसाळ्याआधी साफ करायचीच असते. पानं तुंबली तर पाणी आत उतरतं आणि पायाखालचा गालिचा भिजतो.

उघडायचंच असेल तर

एअरबॅगचं भान ठेवा. स्टिअरिंगवर, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर आणि काही गाड्यांत ए-पिलरवर एअरबॅगची अक्षरं असतात. त्या झाकणांना हात लावायचा नाही, त्यांच्या उघडण्याच्या वाटेत फोम किंवा टेप भरायचा नाही, पिवळे कनेक्टर सोडवायचे नाहीत. एअरबॅग असलेल्या पिलरचं कव्हर गॅरेजवाल्यालाच काढू द्या. बाकी पॅनलसाठीही आधी चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढा वेळ थांबा. गाडी वॉरंटीत असेल तर काही उघडूच नका.

क्लिपा थंडीत मोडतात. गाडी थोडा वेळ उन्हात उभी करा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची उचकटणी किंवा जुनं एटीएम कार्ड घ्या आणि क्लिपेच्या शक्य तितकं जवळ घाला. ओढ सरळ बाहेर, पिळून नाही. हिसका देण्याआधी लपलेला स्क्रू राहिलाय का ते बघा. माझ्या तीन क्लिपा अशाच गेल्या, एका छोट्या झाकणामागे स्क्रू होता.

सुरुवात ग्लोव्ह बॉक्सपासून करा, तो सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत गुन्हेगार. रिकामा करून झाकण उघडा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की अडसर सुटतात आणि पेटी खाली झुकते. बाजूला डँपरची (झाकण सावकाश उघडू देणारी) दोरी असेल तर ती आधी सोडा. आता झाकण जिथे टेकतं त्या कडेवर बोट फिरवा. चकचकीत घासलेला पट्टा दिसेल, आमच्याकडची तांबडी धूळ तिथे पावडरीसारखी बसलेली असते. हाच आपटण्याचा शिक्का. वरच्या कोपऱ्यांत दोन रबरी बटणं असायला हवीत. माझ्या गाडीत डावं बटण नव्हतंच, त्याच्या जागी नुसतं भोक. बाणस्तारीचा ‘टिक्’ तो. धूळ ओल्या फडक्याने पुसली, कोरडं केलं, दोन मिलिमीटर जाडीचा फेल्टचा (दाबलेल्या जाड मऊ कापडाचा) तुकडा लावला. झाकण आता थोडं दाबून लावावं लागतं, आणि तसंच लागायला हवं.

एसी व्हेंट दाबल्यावर गप्प होत असेल तर तो बाहेर ओढून कडेला कापडी टेपचा एक फेर द्या. पॅनलमागे लोंबणारी वायर असेल तर तिला तोच टेप गुंडाळा आणि जवळच्या वायरींना बांधा, पण स्टिअरिंगच्या कॉलमला किंवा पेडलच्या वाटेत येईल असं काही नको. काचेच्या रबराची कुरकुर असेल तर ते पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

काय वापरायचं, काय नाही

वायरिंगसाठी मिळणारा मऊ कापडी टेप, टेसा ५१६०८ सारखा, घरात एक गुंडाळी असू द्या. फेल्टचा चिकट पट्टा आणि बंद छिद्रांचा काळा रबरी फोम, एवढ्यात काम होतं. स्पंज किंवा गादीचा फोम नको. तो पाणी पितो आणि जूनपासून आपल्याकडे त्याच्यावर बुरशी धरते. वर्तमानपत्राच्या घड्यांचंही तेच. झटपट चिकटवणारा गोंद कडक होतो, त्याची पांढरी वाफ काळ्या प्लास्टिकवर डाग पाडते आणि पुढच्या वेळी पॅनल मोडूनच काढावा लागतो. गंज सोडवायचा स्प्रे दोन-चार दिवस आवाज बंद करतो, मग धूळ धरून परत सुरू. पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं.

लावताना हात आखडता ठेवा. जाड थर भरला तर पॅनल फुगतो, क्लिप पुरती बसत नाही आणि नवी खडखड तुम्हीच जन्माला घालता.

परत बसवताना तुटकी क्लिप तशीच ठोकू नका, स्पेअर पार्टच्या दुकानात पॅनलची जुनी क्लिप दाखवून तशीच नवी आणा. प्लास्टिकात जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक्’ करून तो जुन्या आट्यांत उतरतो, मग सुलटा. सरळ दाबून फिरवला तर नवे आटे पाडतो आणि महिन्याभरात ढिला होतो. घट्ट म्हणजे टेकेपर्यंत, पुढे अर्धा फेरही नाही.

बॅटरी जोडा, एअरबॅगचा दिवा चालू होऊन विझतो का ते बघा. विझला नाही तर गाडी गॅरेजला न्या. घड्याळ लावा. मग त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जा, पण एकदा पहाटे आणि एकदा गाडी उन्हात तापल्यावर. सामान आत परत ठेवाल ते एकेक करून ठेवा, म्हणजे आवाज आलाच तर शेवटची वस्तू कुठली ते लगेच कळेल.