कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातून क्लोजअप: फोकस नेमका कसा साधायचा

ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत पानं उलटून बघण्याचे दिवस सुरू होतात. पानावर तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची शंका, राखेसारखी पावडर दिसली तर भुरी रोगाची. लगेच फोटो निघतो आणि सल्लागाराकडे जातो. फोटोत मागची तार लख्ख दिसते, शेजारची काडीही दिसते, आणि डाग मात्र धूसर. असा फोटो बघून सल्लागार काय सांगणार? श्रावणात अंजनेरीच्या पठारावर फुलं टिपणाऱ्यांची आणि येवल्यात पैठणीच्या काठाची वीण दाखवू पाहणाऱ्यांची अडचणही हीच असते.

कॅमेरा बदलून ही अडचण सुटत नाही. खिशात मावणारा साधा कॉम्पॅक्ट उत्तम क्लोजअप देतो. फक्त एक सवय बदलावी लागते. लांबचा फोटो काढताना आपण जागेवर उभे असतो आणि भिंग पुढे-मागे सरकून फोकस शोधतं. अगदी जवळच्या फोटोत हे उलट करायचं: भिंग एका अंतरावर स्थिर ठेवायचं आणि आपण सरकायचं. सुईत दोरा ओवताना आपण डोळे ताणत बसत नाही, हातच नीट दिसेल तिथे आणतो, तसं.

असं का, ते आकड्यांत बघा. फोटोत ५ सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो आहे आणि अ‍ॅपर्चर एफ/४ आहे, असं धरा (अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं उजेड आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान). लहान सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, साध्या कॉम्पॅक्टमध्ये तेव्हा साधारण ३ मिलिमीटर खोलीचाच भाग तीक्ष्ण येतो. एक इंच म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या सेन्सरच्या कॉम्पॅक्टमध्ये तो दीड मिलिमीटरच्या आसपास येतो. श्वास घेताना आपलं शरीर याहून जास्त हलतं.

पहिली पायरी: आपल्या कॅमेऱ्याची मर्यादा मोजा

टेबलावर मोजपट्टी आडवी ठेवा. कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड लावा, झूम अजिबात न वापरता पूर्ण वाइडला ठेवा आणि पट्टीवरच्या आकड्यांवर फोकस करत हळूहळू जवळ जा. पडद्यावरची फोकसची चौकट हिरवी व्हायची थांबली की तुमच्या कॅमेऱ्याची हद्द आली. ते अंतर लिहून ठेवा. मग झूम थोडा वाढवून पुन्हा मोजा, शेवटी पूर्ण झूमवर मोजा.

हा खटाटोप नक्की करा, कारण झूम वाढवला की हे अंतर झपाट्याने वाढतं. सोनीच्या पहिल्या आरएक्स१०० मध्ये पूर्ण वाइडला ते ५ सेंटीमीटर आहे, पूर्ण झूमला ५५. जवळ उभं राहून झूम केला आणि फोकस होईना, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. ऑलिम्पसच्या टीजी-६ मध्ये मायक्रोस्कोप मोड आहे. त्यात १ सेंटीमीटरपर्यंत जाता येतं आणि झूम केल्यावरही ती सोय टिकते, म्हणून किडींच्या फोटोंसाठी तो मला फार उपयोगी वाटतो. डिजिटल झूम मात्र सगळ्याच कॅमेऱ्यांत बंद ठेवा. तो फोटो कापून मोठा करतो, नवा तपशील देत नाही.

अगदी टोकाच्या अंतरावर गेलात तर भिंगाचीच सावली फुलावर पडते आणि कीटक उडून जातो. एवढं जवळ जाणं गरजेचं नसेल तर थोडं मागेच राहा.

दुसरी पायरी: फोकसची चौकट स्वतः ठरवा

नवा कॅमेरा बहुधा चेहरा ओळखणाऱ्या किंवा अनेक चौकटींच्या फोकसवर लावलेला येतो. कुठे फोकस करायचा हे तो स्वतःच ठरवतो. ते बंद करून एकच चौकट निवडा, आणि तिचा आकार कमी करता येत असेल तर सर्वांत लहान करा.

चौकट हिरवी झाली म्हणजे तुम्हाला हव्या त्या वस्तूवर फोकस झाला, असं समजू नका. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे भिंग पुढे-मागे करून बघतात आणि चौकटीत सर्वांत जास्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, दिसेल तिथे थांबतात. चौकटीत नाजूक देठ आणि त्यामागे उन्हात चमकणारं गवत असेल तर गवत जिंकतं. अंजनेरीवरची कंदीलपुष्पं टिपताना हे हमखास होतं, कारण फूल उभं, सडपातळ आणि आजूबाजूच्या गवतात मिसळलेलं असतं. त्याच पठाराचं नाव मिळालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही अतिदुर्मिळ वनस्पती याच कुळातली. तिच्या आसपासचं गवत उपटून ‘जागा मोकळी’ करणं, फूल वळवणं, फांदी वाकवणं यातलं काहीही करू नका. त्याऐवजी फुलाच्या शेजारी, त्याला न शिवता किंवा न हलवता, तेवढ्याच अंतरावर आपलं बोट धरा. बोटावर फोकस करा, बटण अर्धं दाबलेलंच ठेवा, बोट बाजूला घ्या आणि फोटो काढा.

मध्यभागी फोकस करून मग कॅमेरा वळवायचा, ही लांबच्या फोटोंतली सवय इथे सोडा. वळवताना तीक्ष्णतेचं प्रतल दोन-चार मिलिमीटर सरकतं आणि आपल्याकडे तेवढीही खोली नसते. चौकटच हव्या त्या जागी न्या.

तिसरी पायरी: कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी द्या

गुळगुळीत द्राक्षमणी, एकाच रंगाची पाकळी, धुकं धरलेला तांब्याचा गडू, अशा पृष्ठभागावर कॅमेरा चाचपडत राहतो. मण्याची कडा, देठाची जागा किंवा सालीवरचा मेणासारखा पांढुरका थर जिथे पुसला गेला आहे ती रेघ चौकटीत घ्या. कडा आडवी असून जमत नसेल तर कॅमेरा उभा धरून बघा, काही कॅमेऱ्यांना त्याने फरक पडतो. मण्यावर चमकणाऱ्या उन्हाच्या ठिपक्यावर मात्र फोकस करू नका, तो फसवतो.

उजेड कमी असेल तर बाजूने छोटी टॉर्च लावा. तिरप्या उजेडात पानावरची लव, बुरशीचे तंतू, पैठणीचे जरीचे धागे उठून दिसतात आणि फोकस चटकन बसतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फोकस दिव्यावर विसंबू नका, इतक्या जवळ तो बऱ्याचदा भिंगाच्या नळीआड जातो.

चौथी पायरी: फोकस धरून ठेवा आणि स्वतः डोला

सगळ्यात जास्त सराव याच पायरीचा करा.

कॅमेऱ्यात मॅन्युअल फोकस असेल तर हवं ते अंतर लावा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. नसेल तर विषयावर एकदा फोकस करून बटण अर्धं दाबून धरा, तेवढ्याने अंतर पक्कं होतं. त्यासाठी कॅमेरा सिंगल फोकसवर हवा. सततच्या फोकसवर असेल तर तो अंतर बदलत राहील.

आता कोपरं पोटाशी घ्या किंवा गुडघ्यावर टेकवा. श्वास अर्धा सोडा आणि कमरेतून अगदी हळू पुढे झुका. पडद्यावर तीक्ष्णतेची रेघ विषयावरून सरकताना दिसेल: आधी मुंगीची मिशी, मग डोळा, मग पाठ. रेघ डोळ्यावर येताच बटण दाबा. कीटकाचा डोळा तीक्ष्ण असेल तर बाकीचा धूसरपणा नजरेला चालतो, डोळाच हुकला तर फोटो वाया जातो. बोट थोडं उशिरा दाबलं जातं, म्हणून सलग फोटो काढणारा बर्स्ट मोड लावा आणि पुढे झुकतानाच फोटोंची मालिका घ्या. त्यातला एखादा नेमका लागतो.

मॅन्युअल फोकसमध्ये चित्र मोठं करून दाखवण्याची सोय असेल तर ती वापरा. कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंगही चांगलं आहे, पण ते किंचित हुकलेल्या कडाही रंगवतं. शेवटचा निर्णय मोठ्या केलेल्या चित्रावरून घ्या.

पाचवी पायरी: सपाट वस्तूला समांतर व्हा

तीक्ष्ण प्रतल पातळ असलं तरी ते रुंद असतं, त्याचा फायदा घ्या. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या बाजूला या आणि कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर ठेवा, म्हणजे आख्खा पंख येतो. रोगट पान तळहातावर सपाट धरून सरळ वरून टिपा. पैठणीसाठी किंवा जुन्या नाण्यासाठी एक खात्रीची युक्ती आहे: वस्तूवर छोटा आरसा सपाट ठेवा आणि त्यात भिंगाचं प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. ते मध्यावर आलं की कॅमेरा समांतर झाला. आरसा अलगद काढून घ्या.

सहावी पायरी: अ‍ॅपर्चर, वारा आणि थरथर

खोली वाढावी म्हणून अ‍ॅपर्चर एकदम लहान करावंसं वाटतं. लहान सेन्सरवर एफ/५.६ च्या पुढे गेल्यावर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडू लागतं, म्हणून एफ/४ ते एफ/५.६ ठेवा. याहून खोली हवी असेल तर टीजी-६ सारख्या कॅमेऱ्यात वेगवेगळ्या अंतरांवरचे फोटो आपोआप जोडायची सोय आहे. ती स्थिर वस्तूसाठीच वापरा.

हातात कॅमेरा असताना शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी जमिनीवर टाकून तिच्यावर कॅमेरा बसवला आणि २ सेकंदांचा टायमर लावला तर बटण दाबण्याची थरथरही जाते. वारा असेल तर छत्री आडवी धरा आणि दोन झुळकांमधली उसंत पकडा. बागेत सकाळी लवकर गेलात तर हवा शांत असते, शिवाय थंडीने कीटकही सुस्त असतात.

एवढ्याने भागत नसेल तर क्लोजअप भिंग घ्या. +४ डायॉप्टरचं भिंग लावून कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर ठेवला की २५ सेंटीमीटरवरची वस्तू तीक्ष्ण दिसते. म्हणजे पूर्ण झूम वापरूनही जवळचा फोटो काढता येतो आणि कीटकाला धक्का लागत नाही. काही कॉम्पॅक्टना ते बसवायला वेगळी नळी लागते.

सातवी पायरी: जागेवरच तपासा

तिथेच फोटो पूर्ण मोठा करून बघा. हवी ती जागा धूसर पण तिच्या पुढची किंवा मागची एखादी गोष्ट तीक्ष्ण असेल तर फोकस हुकला आहे, पुन्हा डोला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे, शटरचा वेग वाढवा. कॅमेरा स्थिर होता, मागचं स्थिर आलं आणि फूलच ओढलेलं दिसलं तर तो वारा.

बागेतला फोटो सल्लागाराला पाठवताना आख्ख्या वेलीचा एक, पानाच्या वरच्या बाजूचा एक आणि खालच्या बाजूचा एक क्लोजअप असे तिन्ही द्या, आणि एका फोटोत मोजपट्टी शेजारी ठेवा. फुलकिडा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा असतो, पट्टीशिवाय त्याचा आकार कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आक्रसतो आणि मेहनतीने मिळवलेला तपशील वाटेतच जातो.