मातीचे थर बरणीत कसे पाडावेत: प्राथमिक वर्गासाठी तीन प्रयोग

हाताने चाचपणं, बरणीत निवळवणं आणि पाणी मुरवून बघणं, एवढ्या तीन प्रयोगांत मुलांना माती कळायला लागते. पहिला आणि तिसरा सहसा बिघडत नाही. बरणीचा मात्र हमखास बिघडतो, कारण ‘माती-पाणी घाला, हलवा, उद्या थर दिसतील’ एवढीच कृती सांगितली जाते. ती अपुरी आहे.

दोन-तीन वेगवेगळ्या जागची माती घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला सारून साधारण 10 सेंमी खोलीपर्यंतची. कुंड्यांसाठी मिळणारं तयार मिश्रण नको. त्यात कोकोपीट आणि खतच जास्त असतं, ते तरंगत राहतं. हाताला जखम असलेल्या मुलाला हातमोजे द्या आणि शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

चाचपणी. चमचाभर माती तळहातावर घेऊन थेंब-थेंब पाण्याने कणकेसारखी मळायची. वाळू खरखरते, गाळ (वाळूहून बारीक, चिकण मातीहून जाडसर कण) ओल्या पिठासारखा मऊ लागतो, चिकण माती बोटांना चिकटते. मग अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढायची. पट्टी निघालीच नाही तर वाळू भरपूर. 5 सेंमीहून लांब टिकली तर चिकण माती भरपूर. कोणता थर सर्वांत जाड असेल, याचा अंदाज मुलांनी बरणी हलवण्याआधी वहीत लिहायचा. नंतर लिहिलेला अंदाज काही कामाचा नाही.

बरणी. उभ्या, सरळ भिंतींची पारदर्शक बरणी हवी. गळ्याशी निमुळती झालेली किंवा नक्षीची असेल तर थरांची जाडी मोजता येत नाही. माती वाळवून, ढेकळं फोडून 2 मिमीच्या चाळणीने चाळा. बरणीचा तिसरा भाग माती, एक छोटा चमचा कपडे धुण्याची कमी फेसाची पावडर, आणि वर 3-4 सेंमी जागा सोडून पाणी. रात्रभर भिजू द्या.

ही पावडर टाळू नका. चिकण मातीचे कण एकमेकांना धरून बसतात. ते सुटले नाहीत तर त्यांचे गोळे जड होऊन वाळूबरोबरच तळाला जातात, आणि चिकण जमीनही वाळूची दिसते. पाणी लवकर नितळ झालं म्हणून प्रयोग छान जमला असं समजू नका. बऱ्याचदा ते कण न सुटल्याचंच लक्षण असतं.

सकाळी शाळा भरताच झाकण घट्ट लावून, मुलांनी आळीपाळीने सलग 10 मिनिटं हलवायचं. दोन मिनिटांत थांबू नका. मग बरणी सपाट जागी ठेवायची आणि त्याच क्षणी घड्याळ लावायचं. 1 मिनिटाने तळाच्या थराच्या वरच्या कडेला मार्करने रेघ मारा: ही वाळू. 2 तासांनी दुसरी रेघ: दोन रेघांमधला तो गाळ. वरचं पाणी निवळल्यावर तिसरी, आणि हा थर चिकण मातीचा. त्याला एक-दोन दिवस लागतात, कधी आठवडाही. हलवायला दुपारी सुरुवात केली तर दुसरी रेघ शाळा सुटल्यावर येते, म्हणून सकाळच.

पहिल्या मिनिटाची रेघ चुकली तर पुन्हा हलवून नव्याने सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी वाळू आणि गाळ यांची सीमा डोळ्यांनी शोधू नका. दोन्हींचा रंग सहसा सारखाच असतो, त्यामुळे मुलं मनाने रेघ मारतात. मधल्या काळात बरणीला धक्का लागू देऊ नका, उचलून दाखवूही नका.

असं का होतं, हे मुलांना आकड्यांत सांगा. कण दहापट बारीक झाला की तो सुमारे शंभरपट हळू खाली बसतो. मुठीतली वाळू आणि चिमूटभर पीठ एकाच वेळी पाण्यात सोडून दाखवलं तर त्यांना लगेच पटतं.

शेवटी बरणीला कागदाची पट्टी लावून तिन्ही रेघा तिच्यावर उतरवा आणि पट्टी वहीत चिकटवा. पाचवीची मुलं टक्केवारीही काढतील: एकूण थर 8 सेंमी आणि वाळू 4 सेंमी असेल तर 50 टक्के. लहानांना कोणता थर जाड एवढं पुरे. वर तरंगणारा काडीकचरा मोजणीत धरायचा नाही, तो कुजणारा सेंद्रिय भाग आहे.

पाणी मुरवणं. मोठ्यांनी प्लास्टिकची बाटली मधोमध कापून कडांना चिकटपट्टी लावावी. गळ्याचा भाग कापड बांधून दुसऱ्या भागात उलटा बसवा. प्रत्येक जागच्या मातीसाठी अशी एक बाटली करून तिच्यात 200 मिली माती, वर 100 मिली पाणी. माती आधी थोडी ओली करून हलकेच दाबा. कोरडी असेल तर पाणी कडेच्या फटीतून थेट खाली उतरतं आणि चिकण मातीच सर्वांत जास्त पाणी सोडल्याचा खोटा निकाल येतो. 5 मिनिटांनी खाली किती पाणी जमलं ते मोजा आणि बरणीच्या पट्टीशेजारी लिहा.