अफगाण गव्हर्नर विरुद्ध काबूल: हा संघर्ष कसा अभ्यासायचा (नागपूरच्या अभ्यास गटांसाठी)

नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी किंवा राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांच्या टिपणांत अफगाणिस्तान बहुधा एका ओळीत आटोपतो: केंद्र दुबळं, प्रांतांत वॉरलॉर्ड शिरजोर. एवढ्या ओळीवर पंधरा गुणांचं उत्तर उभं राहत नाही. २००४ मध्ये हेरात प्रांताचा गव्हर्नर इस्माईल खान याला काबूलने एका आदेशात हटवलं आणि २०१७ मध्ये बल्ख प्रांताचा गव्हर्नर अता मोहम्मद नूर आदेश निघूनही तीन महिने जागचा हलला नाही, असं का, हे ती ओळ सांगू शकत नाही.

खालची पद्धत तीन-चार जणांच्या गटाने एका रविवारी, साधारण चार तासांत करायची आहे. सामान थोडंच लागतं: अफगाणिस्तानचा प्रांतवार कोरा नकाशा ए-३ आकारात (सीताबर्डीवर झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घ्या), पाच कोरे कागद, लाल, निळं आणि हिरवं पेन. नकाशा ३४ प्रांतांचाच घ्या. दायकुंदी आणि पंजशीर हे प्रांत २००४ मध्ये झाले. जुन्या नकाशात ते नसतात, आणि मग सगळी मोजणी बिघडते.

आधी डोक्यातला राज्यपाल बाजूला ठेवा

आपल्याकडचा राज्यपाल निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यासमोर बसतो. अफगाण प्रांतात मुख्यमंत्रीही नव्हता आणि विधानसभाही नव्हती. गव्हर्नरला तिथे वाली म्हणतात. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमायचा आणि राष्ट्राध्यक्षच काढायचा. प्रांतिक परिषद निवडून यायची, पण तिच्याकडे सल्ला आणि देखरेख यापलीकडे फारसं काही नव्हतं. म्हणून तुलना करायचीच तर आपल्या विभागीय आयुक्तांशी करा. मंत्रालयातून बदलीचा आदेश निघाला आणि सिव्हिल लाइन्समधल्या आयुक्तांनी 'मी जात नाही' म्हटलं, तर त्यांच्या मागे कोण उभं राहील? नागपुरात कोणीच नाही. बल्खची राजधानी मजार-ए-शरीफमध्ये पक्ष, पैसा आणि बंदूकधारी माणसं उभी राहिली. ती कुठून आली, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पहिला कागद: कायदा. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका.

२००४ च्या राज्यघटनेतली तीन कलमं लिहून काढा. कलम ६४ मध्ये राष्ट्राध्यक्षाचे अधिकार आहेत, बड्या अधिकाऱ्यांची नेमणूक आणि बडतर्फी त्यातच येते. कलम १३७ म्हणतं की केंद्रीकरणाचं तत्त्व राखून काही अधिकार स्थानिक प्रशासनाला द्यावेत. कलम १३८ प्रांतिक परिषदेचं आहे. जोडीला एक नोंद करा: ऑगस्ट २००७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी स्थानिक प्रशासनासाठी स्वतंत्र संचालनालय काढलं आणि गव्हर्नरांचा कारभार गृह मंत्रालयाकडून तिकडे नेला.

बहुतेक गट इथेच अडकतात. कायद्याचा कागद भरला की विषय कळला असं वाटतं. पण कायद्याप्रमाणे काबूलची सत्ता जवळजवळ पूर्ण होती. वाद कागदावर असता तर तो पहिल्याच दिवशी मिटला असता.

दुसरा कागद: पैसा. नकाशा आता काढा.

हिरव्या पेनाने सीमेवरच्या जकात चौक्या लावा: इराणकडे इस्लाम कला, तुर्कमेनिस्तानकडे तोरगुंडी (दोन्ही हेरात प्रांतात), उझबेकिस्तानकडे आमू दर्याकाठचं हैरतान (बल्ख), ताजिकिस्तानकडे शेर खान बंदर (कुंदुझ), पाकिस्तानकडे तोरखम (नंगरहार) आणि स्पिन बोल्दाक (कंदाहार). मग ज्या प्रांतांत गव्हर्नर आणि काबूल यांचा वाद गाजला, ते लाल पेनाने रंगवा. लाल आणि हिरवं किती ठिकाणी एकावर एक येतं ते बघा. हेरात, बल्ख, कंदाहार आणि नंगरहार बघितलं की चित्र उघड होतं.

मग प्रांताचं अधिकृत अंदाजपत्रक बघा. शिक्षण, आरोग्य, रस्ते यांचा पैसा काबूलच्या मंत्रालयांकडून त्यांच्या प्रांतिक कार्यालयांत थेट यायचा. वालीच्या हातात स्वतःच्या कचेरीचा खर्च सोडून फार काही नसायचं. वसुलीचं खातंही अर्थ मंत्रालयाच्या ताब्यात होतं. म्हणजे कायद्याने चाललेला वाली गरीब, आणि जकात चौकीवर पकड असलेला वाली श्रीमंत. विदर्भाच्या अनुशेषावर दर हिवाळी अधिवेशनात जो वाद होतो, तो निधी वाटपाचा असतो. हेरातमध्ये प्रश्न उलटा होता: प्रांतात गोळा झालेला पैसा काबूलला पाठवायचा की नाही? हा फरक उत्तरात जरूर लिहा.

एक नेमकी घटना घ्या. मे २००३ मध्ये करझाईंनी प्रांतप्रमुखांना काबूलला बोलावलं. महसूल केंद्राकडे जमा करण्याच्या करारावर सह्या घेतल्या, आणि पैसा आला नाही तर आपण स्वतः पद सोडू असा इशारा दिला. त्यानंतर अर्थमंत्री अश्रफ गनी स्वतः हेरातला गेले आणि इस्माईल खानकडून सुमारे २ कोटी डॉलर घेऊन आले. हेच गनी चौदा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून अता नूरशी भिडले.

तिसरा कागद: बंदुका आणि पक्ष

प्रत्येक गव्हर्नरसमोर तीन प्रश्न लिहा. पद मिळण्याआधी तो कोणत्या फौजेचा कमांडर होता? प्रांताचा पोलीसप्रमुख कोणाचा माणूस आहे? काबूलच्या मंत्रिमंडळात त्याच्या पक्षाचे लोक आहेत का?

अता नूर २००४ मध्ये गव्हर्नर झाला, त्याआधी तो मजारमध्ये सातव्या कोअरचा (लष्करी तुकडीचा) प्रमुख होता. पक्ष जमियत-ए-इस्लामी, मुख्यतः ताजिकांचा. २००९ आणि २०१४ या दोन्ही निवडणुकांत तो राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अब्दुल्ला अब्दुल्ला यांच्या बाजूला होता. जानेवारी २०१६ मध्ये मजारच्या भारतीय वाणिज्य दूतावासावर हल्ला झाला, तेव्हा हाच गव्हर्नर हातात रायफल घेऊन लढाईच्या जागी उभा असलेली छायाचित्रं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही छापून आली. ते छायाचित्र शोधून नीट बघा. मुलकी अधिकारी आणि कमांडर हे एकाच माणसात कसे नांदतात, ते त्यात दिसतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळा वाद पश्तून विरुद्ध ताजिक या दोन वांशिक गटांचा (गनी पश्तून, अता ताजिक) असा लिहून मोकळं होणं. वंशाचा प्रश्न होताच, पण हेल्मंडचा गव्हर्नर शेर मोहम्मद आखुंदजादा पश्तून होता, आणि तिथून त्याला डिसेंबर २००५ मध्ये पश्तून राष्ट्राध्यक्षानेच, ब्रिटिशांच्या दबावाखाली, हटवलं. त्याच वर्षी त्याच्या आवारात ९ टन अफू सापडली होती. हटवल्यावर त्याला वरिष्ठ सभागृहात जागा मिळाली आणि त्याची बरीचशी माणसं तालिबानकडे गेली. नुसत्या वंशाच्या चष्म्यातून हे प्रकरण दिसतच नाही.

चौथा कागद: तारखा. इथे निवांत वेळ द्या, किमान दीड तास.

आधी दिनदर्शिका सांभाळा. त्या काळातली सरकारी कागदपत्रं सौर हिजरी वर्षात आहेत. वर्ष २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. २१ मार्च ते ३१ डिसेंबरमधल्या तारखेला हिजरी वर्षात ६२१ मिळवा, १ जानेवारी ते २० मार्चला ६२२. म्हणजे १३९६ हे मार्च २०१७ ते मार्च २०१८. महिने राशींच्या नावांचे आहेत, त्यामुळे आपल्याला सोपे जातात: हमल म्हणजे मेष, कौस म्हणजे धनू, जदी म्हणजे मकर. मात्र आपल्या पंचांगातल्या संक्रांतीच्या तारखा लावू नका, जदी २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो. २०१२ पासून आर्थिक वर्षही जदीपासून मोजलं जाऊ लागलं. अर्थसंकल्पाची तुलना करताना हे विसरलात तर एका वर्षाचा खर्च दुसऱ्याच्या नावावर पडतो.

आता कागदाचे दोन उभे रकाने करा. डावीकडे हेरात, उजवीकडे बल्ख. बडतर्फीचा आदेश रकान्याच्या मधोमध लिहा आणि त्याच्या आधीचं वर्ष-दीड वर्ष वरच्या भागात भरा.

हेरात: मे २००३, महसूल करार. ऑगस्ट २००३, गव्हर्नरने लष्करी पद ठेवायचं नाही असा निर्णय, इस्माईल खानचं कोअर कमांडरपद गेलं. मार्च २००४, हेरातमधल्या चकमकीत त्याचा मुलगा मीरवाइस सादिक, जो काबूल सरकारात विमान वाहतूक मंत्री होता, मारला गेला. ऑगस्ट २००४, विरोधी कमांडर अमानुल्ला खानने हेरात प्रांतातला शिंदंड हवाई तळ घेतला, आणि ते निमित्त होऊन काबूलची राष्ट्रीय सेना तिथे उतरली. ११ सप्टेंबर २००४, बडतर्फी. दुसऱ्या दिवशी हेरातमध्ये दंगल झाली, संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले, पण निर्णय फिरला नाही. वर्ष संपता संपता इस्माईल खान ऊर्जामंत्री झाला.

बल्ख: सप्टेंबर २०१४, गनी-अब्दुल्ला राष्ट्रीय ऐक्य सरकारचा करार. त्यानंतर अता नूर बराच काळ हंगामी गव्हर्नर म्हणूनच टांगलेला. फेब्रुवारी २०१७, गनींनी त्याची रीतसर नेमणूक केली. जून २०१७, अंकारामध्ये त्याने उझबेक नेता दोस्तुम आणि हजारा नेता मोहक्किक यांच्याशी आघाडी केली. १८ डिसेंबर २०१७, राष्ट्राध्यक्ष भवनाने जाहीर केलं की त्याचा राजीनामा मंजूर झाला आहे, नवा गव्हर्नर मोहम्मद दाऊद. अताचं म्हणणं, राजीनामा सशर्त होता, अटी पाळल्या नाहीत म्हणून तो रद्द. फेब्रुवारी २०१८ मध्ये शेजारच्या समंगानमध्ये जमियतच्याच अब्दुल करीम खद्दामनेही पद सोडायला नकार दिला. मार्च २०१८, तडजोड. अता बाजूला झाला, पण दाऊद आला नाही. गव्हर्नर झाला इशाक रहगुजर, अताच्या पसंतीचा.

दोन्ही रकाने शेजारी ठेवा. हेरातमध्ये पैसा, लष्करी पद आणि मोक्याचा तळ आधी हातातून गेले आणि आदेश शेवटी आला. बल्खमध्ये आदेश आधी आला. हैरतानची वाट, जमियतचं संघटन, मंत्रिमंडळातला हिस्सा, सगळं जागेवर होतं. आमच्या मते या विषयातली हीच कळीची गोष्ट आहे: बडतर्फीची तारीख लिहून थांबू नका, तिच्या आधी काय काय कापलं गेलं ते मोजा. काहीच कापलं नसेल तर तडजोड होणार, आणि तीही महागात पडणार.

पाचवा कागद: किंमत

गेलेल्या माणसाला काय मिळालं आणि त्याच्या जागी कोण आलं, एवढंच लिहा. मंत्रिपद, खासदारकी, दुसरा प्रांत, वारस नेमण्याचा हक्क. गुल आगा शेरजाई कंदाहारमधून निघून मंत्री झाला, पुन्हा कंदाहारला आला आणि २००५ मध्ये नंगरहारचा गव्हर्नर झाला. वाद इथे संपला असं समजू नका. मार्च २०१९ मध्ये बल्खच्या पोलीसप्रमुखाच्या नेमणुकीवरून मजारमध्ये गोळीबार झाला. पद बदललं, भांडण तेच राहिलं.

नागपूरचा इतिहास जोडायचा असेल तर

गटात कोणीतरी भोसल्यांचं नाव काढतंच, आणि ते योग्यही आहे. बंगालच्या चौथाईवरून रघुजी भोसले आणि पेशवा बाळाजी बाजीराव यांच्यात जुंपली, आणि १७४३ मध्ये छत्रपती शाहूंनी दोघांची क्षेत्रं वाटून दिली. वसुलीच्या हक्कावरून झगडा आणि वरून मध्यस्थी, एवढं साम्य खरं आहे. पण भोसल्यांचं सरदारपद वंशपरंपरेने चालणारं होतं आणि अता नूर नेमलेला अधिकारी होता. तुलना दोन वाक्यांत ठेवा, नाहीतर परीक्षक अफगाणिस्तान शोधत बसेल. अफगाण इतिहासातलंच उदाहरण जास्त जुळतं: १८८८ मध्ये अमीर अब्दुर रहमान खानाचा चुलतभाऊ इशाक खान, अफगाण तुर्कस्तानचा गव्हर्नर, बंड करून उठला. त्याचं बळही उत्तरेतच होतं, मजार-ए-शरीफच्या परिसरात. हरल्यावर तो आमू दर्या ओलांडून रशियन मुलखात गेला. १४ ऑगस्ट २०२१ रोजी मजार तालिबानच्या हाती पडल्यावर अता नूर आणि दोस्तुम हैरतानवरून नदीपलीकडे उझबेकिस्तानात गेले.

२०२१ नंतरचं कसं लिहायचं

तालिबानची सत्ता आल्यावर २००४ च्या राज्यघटनेची कलमं बाद झाली, म्हणून पहिला कागद बदला: नेमणुका कंदाहारहून सर्वोच्च नेत्याच्या हुकुमाने होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तालिबानने एका फटक्यात ४४ जणांना गव्हर्नर आणि पोलीसप्रमुखांसारख्या पदांवर नेमलं. त्यांची सरकारी कागदपत्रं चांद्र हिजरीत असतात, त्यामुळे वरचं ६२१-६२२ चं गणित इथे चालत नाही. बाकी कागद जसेच्या तसे वापरा. मौलवी मेहदी मुजाहिद या हजारा कमांडरचं प्रकरण सरावाला घ्या: तो बामियानमध्ये तालिबानचा गुप्तवार्ता प्रमुख होता, पद गेलं, जून २०२२ मध्ये सर-ए-पुलच्या बल्खाबमध्ये त्याने बंड केलं आणि ऑगस्टमध्ये मारला गेला. तो गव्हर्नर नव्हता, तरी रकाने भरता येतात. बल्खाबमध्ये कोळशाच्या खाणी आहेत, हे हिरव्या पेनाने नोंदवा.

लिहिताना २५० शब्दांपैकी राज्यघटनेला ४०, पैशाला ६०, बंदुका आणि पक्षाला ५०, हेरात-बल्ख तुलनेला ८०, आणि उरलेले २० भारताला द्या: मजार, हेरात, कंदाहार, जलालाबाद इथे आपले वाणिज्य दूतावास होते. हेरातमधलं सलमा धरण (४२ मेगावॉट, उद्घाटन जून २०१६) आणि निमरोजमधला २१८ किलोमीटरचा झरंज-दिलाराम रस्ता ही कामं ज्या प्रांतांत झाली, तिथे काबूलइतकीच प्रांताच्या गव्हर्नरचीही मर्जी सांभाळावी लागत होती.