एक वर्ग, दोन शिक्षक: समावेशित वर्गात जोडीने कसं शिकवावं

समावेशित वर्गात, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात तिथे, वर्गशिक्षक फळ्यापाशी शिकवत आहेत आणि विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, मागच्या बाकावर एका मुलाशेजारी बसून त्याला हळू आवाजात समजावत आहेत, याला अनेक शाळांत सहअध्यापन म्हणतात. यात त्या मुलाचं दुहेरी नुकसान होतं. कानाशी दुसरा आवाज चालू असल्याने मुख्य शिकवणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि बाकीची मुलं त्याला ‘त्या मॅडमचा’ समजायला लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ला अपेक्षित असलेलं शिक्षण इतर मुलांसोबतचं आहे. एकाच खोलीत वेगळं बसवण्याने ते साधत नाही. म्हणून पहिला नियम असा की वर्गातली सगळी मुलं दोघांची. ‘मॅडम, तुमची मुलं बघा जरा’ हे वाक्य शाळेत उच्चारायचंच नाही.

सत्र सुरू होण्याआधीची बैठक

पाऊण तास काढा आणि भांडणं जिथून उगवतात त्या बारीक गोष्टी आधी ठरवा. पाणी प्यायला, शौचालयाला जायची परवानगी कोण देणार? दोघांनीही द्यायची. गोंगाट किती चालेल? वह्या कोण तपासणार? निम्म्या-निम्म्या घ्या आणि दर पंधरा दिवसांनी गठ्ठे बदला, म्हणजे दोघांनाही सगळ्यांचं लेखन कळतं. वेळापत्रकावर आणि वर्गाच्या दारावर दोघांची नावं लिहा. विशेष शिक्षकांना कपाटात एक कप्पा द्या. साधन ठेवायला जागा नसलेला माणूस पाहुणाच राहतो.

मतभेदासाठी एक ठरलेलं वाक्य हवं. समजा वर्गशिक्षक सर आहेत आणि विशेष शिक्षक मॅडम. सरांचं स्पष्टीकरण मुलांच्या डोक्यावरून जातंय असं दिसलं तर मॅडमनी ‘सर, शेवटची पायरी पुन्हा दाखवाल का?’ एवढंच म्हणायचं. सरांनी ते टीका म्हणून न घेता पायरी पुन्हा दाखवायची. बाकीची चर्चा शाळा सुटल्यावर.

आठवड्याचं नियोजन

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास पुरतो, पण तो ठरलेला हवा. जाता-येता व्हरांड्यात बोलून नियोजन होत नाही. एक वही ठेवा आणि प्रत्येक पाठाला तीन रकाने आखा: सर काय करतील, मॅडम काय करतील, मुलं काय करतील. पहिला रकाना भरलेला आणि दुसऱ्यात नुसतं ‘मदत’ असेल तर तो पाठ पुन्हा आखा.

आयईपी, म्हणजे मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, बहुतेक वेळा फायलीत झोपलेला असतो. त्यातलं एकच उद्दिष्ट त्या पाठापुरतं एका ओळीत उतरवा: ‘चित्रं बघून तीन पायऱ्यांची सूचना स्वतः पूर्ण करेल.’ हे वर्गशिक्षकांनाही तोंडपाठ हवं.

एक पाठ: पाचवी, सममूल्य अपूर्णांक

सुरुवात कोपरा पद्धतीने करा, म्हणजे वर्गाचे गट करायचे आणि प्रत्येक गटाने वेगवेगळं काम असलेल्या कोपऱ्यांत आळीपाळीने फिरायचं. दोघांनाही शिकवायला मिळतं आणि गट लहान होतात. समजा ३६ मुलं आहेत, तर १२-१२ चे तीन गट. पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत तीन कोपरे बसत नाहीत, म्हणून जोड तासिका घ्या: ८ मिनिटं एकत्र सुरुवात, प्रत्येक कोपऱ्याला १६, दोन अदलाबदलींना २-२ आणि शेवटी १० मिनिटं एकत्र.

साहित्यासाठी कार्डशीटच्या २४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. एका संचात पाच पट्ट्या: एक अखंड, बाकीच्या २, ३, ४ आणि ६ समान भागांच्या. २४ ला हे सगळे आकडे पूर्ण भागतात, त्यामुळे १२, ८, ६ आणि ४ सेंटिमीटरवर सरळ खुणा पडतात. घडी घालून तीन भाग करायला गेलात तर ते असमान होतात आणि १/३ व २/६ जुळतच नाहीत. जोडीला एक संच धरला की सहा संच पुरतात, कारण तेच प्रत्येक गटाला फिरून मिळतात.

पहिल्या कोपऱ्यात वर्गशिक्षक. मुलं पट्ट्या एकाखाली एक ठेवून १/२ = २/४ = ३/६ शोधतात आणि वहीत लिहितात. दुसऱ्यात विशेष शिक्षक भाकरीच्या वाटणीची शाब्दिक उदाहरणं घेतात: वाचायचं, चित्र काढायचं, तोंडी सांगायचं. तिसरा कोपरा स्वाध्यायाचा. तिथे चौथीत झालेलं, म्हणजे रंगवलेलं चित्र आणि अपूर्णांक यांची कार्डं जुळवणं.

पाठ फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, कोपरे एकमेकांवर अवलंबून ठेवले जातात: पहिल्यात संकल्पना, दुसऱ्यात सराव. मग सरावापासून सुरू होणारा गट अडकतो. प्रत्येक कोपरा स्वतंत्रपणे समजला पाहिजे, आणि त्याचा पाया सुरुवातीच्या आठ मिनिटांत घालायचा असतो. दुसरं, स्वाध्यायाच्या कोपऱ्यात नवं काम दिलं जातं. मुलं दर मिनिटाला विचारायला उठतात आणि बाकीचे दोन्ही कोपरे मोडतात.

गट मिश्र ठेवा. विशेष गरजा असलेली सगळी मुलं विशेष शिक्षकांच्या गटात टाकली तर एवढी तयारी वाया गेली.

बाकीच्या पद्धती कधी

वर्ग दोन भागांत करून दोघांनी एकाच वेळी तेच शिकवणं उजळणीला उत्तम, पण श्रवणयंत्र वापरणारं मूल असेल तर एका खोलीत नको. यंत्र दोन्ही आवाज वाढवतं आणि मुलाला काहीच नीट कळत नाही. एक गट व्हरांड्यात न्या. एरवीही त्या मुलाला पंख्याच्या घरघरीपासून दूर बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. स्वमग्न मुलासाठी कोपरा बदलण्याच्या दोन मिनिटं आधी सूचना द्या, कोपऱ्यांचा क्रम चित्रांत त्याच्या बाकावर चिकटवा.

पाच-सहा मुलांचा छोटा गट १० मिनिटं बाजूला घ्यायचा असेल तर मुलं दरवेळी बदला. कधी पुढे गेलेल्यांना घ्या, कधी गैरहजर राहिलेल्यांना. तीच पाच नावं तीनदा आली की वर्ग त्यांना ‘ढ’ ठरवतो, आणि तो शिक्का पुसायला वर्षही पुरत नाही.

एकाने शिकवावं आणि दुसऱ्याने फक्त निरीक्षण करावं, ही पद्धत फार थोडे वापरतात, पण माहिती तिच्यातूनच मिळते. दहा मिनिटं, एकच मूल, एकच प्रश्न: सूचना दिल्यापासून काम सुरू करायला किती वेळ लागतो? घड्याळ बघून आकडा लिहा. ‘लक्ष देत नाही’ अशी नोंद निरुपयोगी आहे. पुढच्या वेळी भूमिका बदला, नाहीतर विशेष शिक्षक कायमचे निरीक्षक होतात.

दोघांनी फळ्यासमोर उभं राहून संवादातून शिकवणं सर्वांत शेवटी घ्या. एकमेकांची लय कळल्याशिवाय ते जमत नाही.

विशेष शिक्षक आठवड्यातून दोनच दिवस येत असतील तर

फिरत्या विशेष शिक्षकांवर अनेक शाळांचा भार असतो. प्रत्येक वर्गात थोडं थोडं डोकावण्यापेक्षा एकाच वर्गातल्या त्याच दोन तासिका सहा आठवडे धरून ठेवा. विशेष शिक्षकांनी जाताना पुढच्या दोन दिवसांचं साहित्य ठेवावं आणि ते कसं वापरायचं याच्या चार ओळी नियोजनाच्या वहीत लिहाव्यात. विशेष शिक्षक आले नाहीत तर त्यांचा कोपराही स्वाध्यायाचा करा आणि शाब्दिक उदाहरणं पुढच्या खेपेला घ्या. पाठ रद्द करू नका.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी दोघांनी मिळून लिहा, आणि मुलाला कोणती सवलत दिली होती तेही लिहा: प्रश्न वाचून दाखवला, जास्त वेळ दिला, तोंडी उत्तर घेतलं. ती नोंद नसेल तर पुढच्या इयत्तेचे शिक्षक पुन्हा शून्यापासून सुरू करतात. पालकसभेलाही दोघंच बसा, आणि फक्त दिव्यांग मुलांच्या नव्हे, सगळ्यांच्या पालकांशी बोला.

सहा आठवड्यांनी नियोजनाची वही उघडून तीन गोष्टी मोजा: दोघांनी प्रत्यक्ष शिकवलेली मिनिटं, छोट्या गटात पुन्हा पुन्हा आलेली नावं, आणि आयईपीतल्या किती ओळी पाठात उतरल्या. मिनिटांत फार फरक असेल तर पुढचे दोन आठवडे फक्त कोपरा पद्धत ठेवा.